गाव उचलून नेणारा गव्हर्नर

डॉन मेल्चोर दे सुआसोला गव्हर्नर होऊन सान लेस्मेसला पोचले त्या दिवशी सगळं गाव स्वागताला चौकात उभं होतं, आणि सगळं गाव घोट्यापर्यंत चिखलात होतं. पाऊस थांबून आठवडा झाला होता. साहेबांनी घोड्यावरूनच खाली पाहिलं, मग शेजारच्या खेचरावर बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"उतरू नकोस," ते म्हणाले. "आधी जमीन कुठे आहे ते शोधतो."

"चिलीत तुम्ही मला तंबूत ठेवलं होतंत आणि तो तंबूही वाहून गेला होता," म्हणत डोन्या युफ्रासिया सरळ चिखलात उतरल्या. "चला, माणसं ताटकळलीत."

साहेबांचं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे गेलेलं. स्पेनमधल्या ओन्याते गावच्या लोखंडाच्या भट्टीवाल्याचा हा तिसरा मुलगा. घरच्या लोखंडात वाटा मिळणार नाही हे कळलं तेव्हा मिसरूड फुटायच्या आतच जहाजावर चढला. चिलीच्या लढायांत डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि कप्तानकी मिळाली. मग खाणींच्या मुलखात एका गावाची फौजदारी केली, मग कित्येक वर्षं अर्ज करण्यात गेली, आणि शेवटी अँडीज डोंगरांच्या पूर्वेचा हा तुकुमानचा सुभा पदरात पडला. पाच वर्षांची मुदत. ती नीट पार पाडायची, मायदेशी जायचं, दारावर दगडी कुलचिन्ह बसवायचं, एवढा त्यांचा बेत होता. तो पार पडणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपल्याला न जमणारं एखादं काम जगात असेल ही गोष्टच त्यांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

गावावर खरी सत्ता होती फुल्हेन्सिओ बारासाची. नगरसभेचा तो प्रमुख. खाणींकडे जाणारी खेचरं त्याची, नदीकाठचे कोंडवाडे त्याचे, आणि नदी पार करायचा उतारही त्याचाच. गोलमटोल, हसतमुख माणूस. कोणाला नाही म्हणायचं असलं की आधी मिठी मारायचा.

जानेवारीत ला ब्रावा नदी गावात शिरली. साहेब नगरसभेच्या टेबलावर चढून बसले आणि खालून खुर्च्या तरंगत गेल्या. पाणी ओसरलं तेव्हा देवळामागची स्मशानभूमी अर्धी कापली गेली होती. पेट्या उघड्या पडल्या होत्या, काही प्रवाहाला लागल्या होत्या. नदीच्या वळणावर उभं राहून साहेब ते बघत होते. जिवंत माणसं गाव सोडायला तयार नव्हती, पण मेलेली निघाली होती.

त्यांनी त्याच दिवशी सभा बोलावली. "गाव हलवायचं," ते म्हणाले.

फुल्हेन्सिओने प्रेमाने त्यांच्या दंडाला धरलं. "साहेब, तुम्ही नवीन आहात. नदी अशी अधूनमधून येते. पाहुणी आहे ती. दोन दिवस राहते, जाते."

"माझ्या घरचे पाहुणे जाताना माझा बाप उकरून नेत नाहीत."

सभेत कोणीतरी फिस्स करून हसलं. फुल्हेन्सिओही हसला. "पण गाव हलवायला राजाची परवानगी लागते ना. अर्ज माद्रिदला जाणार, उत्तर येणार, दोन वर्षं तरी गेली. मग जागा शोधा, मग वाद मिटवा. तोवर तुमची मुदत संपली, साहेब! तुम्ही सुखाने घरी. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

ताप खरोखरच आला. पुराने मागे ठेवलेल्या डबक्यांवर डास माजले आणि मार्चपर्यंत घराघरातून थंडीने कुडकुडणारी माणसं दिसू लागली. लहान मुलं पटापट गेली. डोन्या युफ्रासियांनी आपल्या ओसरीवर खाटा टाकल्या, सिंकोनाची साल उकळून पाजायला सुरुवात केली. एका संध्याकाळी त्या हात पुसत आत आल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या.

"तो सुताराचा धाकटा गेला," त्या म्हणाल्या. "अहो, तुम्ही अर्ज पाठवलात ना?"

"पाठवला."

"आणि उत्तराची वाट बघणार?"

"मी कधी कोणाची वाट बघितलीय?"

दुसऱ्या दिवसापासून साहेब घोडा काढून डोंगराच्या बाजूला हिंडू लागले. त्यांना हवी तशी जागा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर सापडली. एक उंच, सपाट माळ. वर झरा, बाजूला खोल ओढा, आणि दिवसभर वाहता वारा. डास औषधालाही नव्हता. अडचण एकच होती. माळ उलागास्ताच्या इंडियन लोकांचा, तिथल्या मूळ रहिवाशांचा होता, आणि त्यांचा मुखिया होता लासारो उतिंबा.

उतिंबा चाळिशीचा, काटक माणूस. चार्कासच्या मोठ्या न्यायालयापर्यंत चालत जाऊन एका जमीनदाराविरुद्धचा दावा जिंकून आलेला. त्याने साहेबांना अल्गारोबाच्या झाडाखाली बसवलं, त्याच्याच शेंगांची आंबवलेली अलोहा दारू पुढे केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, तुमच्या लोकांनी आमची जमीन घेताना आजवर कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "आज विचारताय म्हणजे नुसती जमीन नको असणार."

"खरंय. मला भांडण नकोय. मी तरुणपणी चिलीत गावं जाळलीत, उतिंबा. जाळून बसवलेलं गाव टिकत नाही. दर वर्षी पुन्हा जाळावं लागतं."

"मी जमीन देत नाही. तुम्ही घेणार, हे मला दिसतंय. मग निदान माझ्या अटींवर घ्या." उतिंबाने बोटं मोडली नाहीत की आवाज चढवला नाही. "झऱ्याचं पाणी आधी आमच्या शेताला, उरलेलं तुमच्या गावाला. तुमची गुरं ओढ्याच्या आमच्या बाजूला नाहीत. आणि गाव बांधायला माझा एकही माणूस वेठीला धरायचा नाही."

"मग बांधणार कोण?"

"का? तुमच्या लोकांना देवाने हात दिले नाहीत?"

साहेबांनी आपला तीन बोटांचा डावा हात वर करून दाखवला. उतिंबा पहिल्यांदाच हसला.

"कबूल," साहेब म्हणाले. "तिसरी अट माझ्या लोकांना फार जड जाणार आहे."

"जड काम त्यांना एकदा कळू दे."

परतीच्या वाटेवर साहेब घोड्यावर शीळ घालत होते. जागा मिळाली होती. आता राहिलं होतं ते न येणारं गाव तिथवर आणणं, आणि त्याची युक्ती त्यांना त्या वाटेवरच सुचली.

सान लेस्मेसच्या चौकात केब्राचोच्या लाकडाचा एक जाडजूड खांब होता. गाव वसवलं तेव्हा पहिल्यांदा तोच रोवला गेला होता. राजाच्या नावाने हुकूम वाचायचे, खटले चालवायचे, शिक्षा द्यायची ती त्या न्यायखांबाशेजारी, असा कायदा. खांब नसेल तिथे ना नगरसभा, ना न्याय.

ईस्टर उलटल्यावर एका दुपारी सगळं गाव जेवून वामकुक्षीला लवंडलं. कुत्रीसुद्धा झोपली होती. साहेब आपल्या सहा शिपायांना आणि एक बैलगाडी घेऊन चौकात आले. कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि स्वतः पहार हातात घेतली. लाकूड लोखंडासारखं, बुंधा माणसाच्या कवेत मावणार नाही असा. घामाच्या धारा लागल्या. खांब एकदाचा कलला आणि बैलगाडीत धप्पकन पडला. त्या आवाजाने देवळाचे पाद्री, फादर ओनोफ्रे, झोपेतून उठून दारात आले.

"साहेब! काय चाललंय हे?"

"गाव हलवतोय, फादर."

फादरनी गाडीकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी किती छोट्या पेट्यांवर पाणी शिंपडलं होतं ते त्यांनाच माहीत. "मी काही पाहिलं नाही," ते म्हणाले, आणि मग आत जाता जाता वळून, "मागचं चाक ढिलं दिसतंय. बघून घ्या."

फुल्हेन्सिओ जांभई देत चौकात आला तेव्हा खांबाच्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात एक कोंबडी माती उकरत होती. त्याला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने घोडा मागवला, पण चढेपर्यंत गाडी टेकडीआड गेली होती, आणि गाडीबरोबर सहा शिपाई होते.

माळावर साहेबांनी खांब रोवला. त्याच्याशेजारी ताडपत्रीचा मांडव घातला, खाली टेबल टाकलं आणि कारकुनाला बसवलं. उतिंबा आपल्या लोकांसह ओढ्यापलीकडे उभा होता. साहेबांनी तिन्ही अटी राजाच्या नावाने मोठ्याने वाचल्या, दुभाष्याकडून पुन्हा वदवून घेतल्या. मग ते टेबलाशी बसले.

पहिले काही दिवस चिटपाखरू फिरकलं नाही. कारकून माशा मारत होता. डोन्या युफ्रासिया सामान घेऊन वर आल्या, मांडवामागे चूल मांडली आणि मक्याचं लोक्रो शिजायला ठेवलं.

"कोणी आलं नाही तर?" त्यांनी विचारलं.

"येतील. युफ्रासिया, या गावात असा एक माणूस दाखव, ज्याचा शेजाऱ्याशी दावा नाही."

साहेबांनी गाव बरोबर ओळखलं होतं. सान लेस्मेसच्या माणसाला एक वेळ भाकरी नसली तरी चालायची, पण कज्जा पाहिजे. बांधावरून, वारशावरून, गाढवाने खाल्लेल्या कोबीवरून दावे पडलेले. आधी दोघी जावा आल्या, सासूच्या तांब्याच्या घंगाळावरून भांडत. त्यांच्यामागे साक्षीदार आले, साक्षीदारांमागे बघे आले. निकाल लागायला दोन दिवस लागायचे, म्हणून माणसं मुक्कामाला राहू लागली. मुक्कामाला झोपड्या लागल्या. एका विधवेने एम्पानाडा, म्हणजे सारणाच्या करंज्या, तळायला सुरुवात केली, एकाने घोड्यांना नाल ठोकायला. मग लोकांच्या लक्षात यायला लागलं की इथे रात्री झोप लागते, आणि पोरं कुडकुडत नाहीत. सुताराने आपली उरलेली दोन मुलं आणि हत्यारं घेऊन कायमचंच बिऱ्हाड आणलं. साहेबांनी दोरी धरून रस्ते आखून दिले, आणि वेठीला माणूस नसल्यामुळे बड्या बड्या घरच्या लोकांना स्वतः विटा पाडाव्या लागल्या. ते शिव्या देत होते, पण पाडत होते.

फादर ओनोफ्रे घंटा घेऊन आले. खाली राहिला तो फुल्हेन्सिओ आणि त्याचे कोंडवाडे.

तोही शेवटी आलाच. त्याचा मेहुणा खेचरांचा एक अख्खा तांडा गिळून बसला होता आणि दावा लावल्याशिवाय सुटका नव्हती. भर उन्हात चढ चढून तो मांडवात आला, तेव्हा लालबुंद झाला होता. मिठी मारायचं त्राण नव्हतं.

"बसा, डॉन फुल्हेन्सिओ," साहेब म्हणाले. "पाणी घ्या. झऱ्याचं आहे."

फुल्हेन्सिओने पेला रिकामा केला, तोंड पुसलं. "तुम्ही चोर आहात, साहेब. गावाचा खांब चोरलात."

"बरोबर. आता तुमच्या खेचरांचं सांगा."

साहेबांनी दावा ऐकला आणि निकाल फुल्हेन्सिओच्या बाजूने दिला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. त्या माणसाला हे वर्मी लागलं. शत्रूने न्याय द्यावा यापेक्षा त्याने लुबाडलं असतं तर बरं झालं असतं, असा त्याचा चेहरा झाला होता. वर्षाच्या आत त्याने माळावर चौकातच घर बांधलं, गावातलं सगळ्यात मोठं.

चौथ्या वर्षी पाऊस पडला नाही. झरा बारीक झाला. उलागास्ताची शेतं भिजून गावाकडे येणारं पाणी पाटात जेमतेम करंगळीएवढं उरलं. नगरसभा साहेबांच्या दारात जमली आणि पुढे अर्थातच फुल्हेन्सिओ.

"पाटाचं वरचं दार आठवडाभर गावाकडे फिरवा," तो म्हणाला. "बस, एवढंच."

"नाही."

"आमच्या पीचच्या बागा जळतायत, साहेब! तिकडे मका हिरवागार आहे!"

"मी शब्द दिलाय. खांबाशी, राजाच्या नावाने."

"इंडियनांना दिलेला शब्द!"

साहेब पायरीवरून खाली आले आणि त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. "मी शब्द देताना तो कोणाला देतोय हे बघून हलका-भारी करत नाही. आणि ज्याला कोणाला वरच्या दाराला हात लावायचा असेल त्याने आधी मला बाजूला सारायचं. मी तिथेच बसणार आहे."

आणि खरंच जाऊन बसले. खुर्ची नेली, छत्री नेली. बायको दुपारचं जेवण पाठवायची. ढग येईपर्यंत सुभ्याचा कारभार पाटाच्या तोंडावरून चालला. गावाने दोन घोट कमी प्यायले, बागा थोड्या सुकल्या, माणूस एकही मेला नाही. पण कित्येकांनी मनात गाठ मारून ठेवली. साहेबांची मुदत संपत आली होती, आणि मुदत संपली की प्रत्येक गव्हर्नरच्या कारभाराची झडती होते. गोरा, इंडियन, काळा, कोणीही यावं आणि तक्रार करावी.

झडतीला लिमाहून आले ते न्यायाधीश डॉन कासिआनो व्हेर्गारा. बारीक अंगाचे, थंड नजरेचे, कोणाकडेही जेवायला न जाणारे. दवंडी पिटली गेली. साहेबांनी ठेवणीतला कोट चढवला आणि न्यायखांबाशेजारी, जिथे इतकी वर्षं ते बसत होते त्याच्या समोरच्या बाजूला, जाऊन उभे राहिले.

"भीती वाटत नाही?" निघताना बायकोने विचारलं होतं.

"कशाची? मी केलेलं सगळं मला माहीतच आहे. नवीन काय सांगणार आहेत?"

फुल्हेन्सिओने तक्रारी मांडल्या. परवानगीशिवाय गाव हलवलं. नगरसभेचा खांब पळवला. दुष्काळात ख्रिस्ती लोकांचं पाणी तोडून इंडियनांना दिलं.

"यावर तुमचं म्हणणं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी अर्धी खरी आहे. पाणी मी तोडलं नाही, ठरलं होतं तसं ठेवलं. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन."

मांडवात कुजबुज झाली. न्यायाधीशांची लेखणी थांबली नाही.

त्यानंतर लासारो उतिंबा पुढे आला. फुल्हेन्सिओच्या कपाळावर आठ्या पडल्या, कारण हा तर साहेबांची बाजू घेणार. पण उतिंबा म्हणाला, "मलाही तक्रार करायची आहे."

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"गुरं ओढ्याच्या आमच्या बाजूला येणार नाहीत असं ठरलं होतं. दोनदा आली. मका तुडवला. मी सांगून गेलो. साहेब मालकाला रागावले आणि त्याला सोडून दिलं. शिक्षा केली नाही."

"खरं आहे का?" न्यायाधीश.

साहेबांच्या मानेवर लाली चढली. पाटाच्या तोंडावर मी तुमच्यासाठी उन्हात बसलो, हे जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. मालक शिपायांपैकीच एक होता, खांब उपटायला मदत केलेला. त्याला दंड करणं जिवावर आलं होतं.

"खरं आहे," ते म्हणाले. "चुकलंच ते."

"याबद्दल गव्हर्नरना दंड व्हावा अशी तुझी मागणी आहे?" न्यायाधीशांनी उतिंबाला विचारलं.

"नाही. फक्त लिहून ठेवा. यांच्यानंतर येणारा कसा असेल ते आम्हाला ठाऊक नाही. अट अजून जिवंत आहे हे कागदावर असलं म्हणजे झालं."

न्यायाधीशांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून एखाद्या माणसाकडे नीट पाहिलं. तिन्ही अटी त्यांनी आपल्या हाताने निकालपत्रात उतरवल्या, खाली शिक्का मारला.

निकाल आठवड्याने वाचला गेला. पाण्याच्या बाबतीत गव्हर्नर निर्दोष. गाव हलवणं लोकांच्या हिताचं ठरलं असलं तरी राजाच्या अधिकारावर अतिक्रमण होतं, म्हणून मेल्चोर दे सुआसोला यांना आठ वर्षं कोणतीही सरकारी नेमणूक मिळणार नाही. गाव मात्र आहे तिथेच राहील.

आठ वर्षं म्हणजे कायमचीच. साहेब घरी आले, पट्ट्याची तलवार काढून खुंटीला लावली आणि खिडकीशी उभे राहिले. बाहेर चौकात बाजार भरला होता. एक बाई नवीन मडकी मांडत होती, सुताराचा मोठा मुलगा कोणाच्या तरी दाराची चौकट खांद्यावर घेऊन चालला होता. साहेबांना आपण हरलो असं वाटेना. त्यांनी तसं वाटून घ्यायचा प्रयत्नही केला, पण जमलं नाही.

"ओन्यातेला जाऊ या का?" त्यांनी विचारलं. "म्हणत होतो तसं."

डोन्या युफ्रासिया लोक्रोची चव बघत होत्या. "तिथे आता आपल्याला ओळखतं कोण? तुमचे भाऊ गेले. दगडी कुलचिन्हाकडे बघत बसणार का दिवसभर? इथे निदान भांडायला माणसं आहेत."

"मग जागा मागावी लागेल. साधा रहिवासी म्हणून."

"मागा की. लाज कसली?"

जागा देणं नगरसभेच्या हातात, म्हणजे फुल्हेन्सिओच्या. साहेब अर्ज घेऊन रांगेत उभे राहिले, त्यांची पाळी आली तेव्हा फुल्हेन्सिओ खुर्चीतून उठला आणि त्याने त्यांना घट्ट मिठी मारली. मिठी मारली म्हणजे काय मिळणार ते साहेबांना कळलंच. गावाच्या अगदी टोकाचा तुकडा त्यांच्या नावावर झाला, जिथे पाट संपतो, दगडगोटे जास्त आणि माती कमी.

"याहून चांगला शिल्लक नाही हो," फुल्हेन्सिओ म्हणाला. "मला वाईट वाटतंय."

"तुम्हाला मनापासून आनंद झालाय," साहेब म्हणाले, "आणि तो तुमचा हक्कच आहे. रविवारी जेवायला या. बसायला दगड भरपूर आहेत."

फुल्हेन्सिओला खदाखदा हसू फुटलं. ते त्याला आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवराबायको तुकड्यावर गेली. डोन्या युफ्रासियांनी एक फेरी मारली, वारा कुठून येतो ते बघितलं, पायाने एका जागी रेघ ओढली. "चूल इथे," त्या म्हणाल्या. साहेबांनी कोट काढून झुडपावर टाकला, पहार उचलली आणि पहिला धोंडा उकरायला घेतला.